जड धातूंची विषबाधा : श्रवण व तोल

शिसे, पारा, कॅडमियम यांसारखे धातू थोडेथोडे करून अंगात साठले, तर आठव्या मस्तिष्क चेतेवर, म्हणजे कानाला मेंदूशी जोडणाऱ्या नसेवर, परिणाम होऊ शकतो. या चेतेचा एक फाटा आतल्या कानाच्या शंखाकृती भागातून आवाज मेंदूकडे नेतो, तर दुसरा अर्धवर्तुळाकार नलिकांकडून तोलाची खबर नेतो. म्हणून बहिरेपणा, कानात गुणगुण आणि चालताना झोक जाणे या तक्रारी एकत्रही येतात.

शिशामुळे चेतातंतूंवरचे आवरण झिजते आणि संदेश रेंगाळतो. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण गलक्यात शब्द लागत नाहीत. घरचे म्हणतात, ‘लक्ष नसतं.’ बेरा या श्रवणमार्गाच्या तपासणीत डोक्याला तारा चिकटवून कानात टकटक आवाज सोडतात. त्यानंतरच्या 10 मिलिसेकंदांत उमटणाऱ्या विद्युतलहरी उशिरा आल्या, तर दोष चेतेत किंवा त्यापुढच्या मार्गात असल्याचे कळते. तोल गेलेला माणूस उजेडात नजरेच्या आधाराने निभावतो. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मात्र भिंत धरावी लागते.

पाऱ्याची तऱ्हा वेगळी. जपानमधील मिनामाता येथे 1956 मध्ये नोंदल्या गेलेल्या विषबाधेत मासळीतून मिथिल पारा पोटात गेला. तिथे कानापेक्षा मेंदूतील श्रवणकेंद्र आणि तोल सांभाळणारा लहान मेंदू जास्त बिघडले.

मुंबईत हा विषय झवेरी बाजारापासून सुरू करावा. सोनारांच्या पेढ्यांतली धूळ झाडून नेणारे झारेकरी ती माती घमेल्यात धुतात, गाळात पारा घोळवतात आणि सोने धरलेला तो गोळा तापवून पारा उडवतात. सोने खाली राहते, वाफ नाकात जाते. हात थरथरू लागतात, हिरड्या सुजतात. त्यापुढे कानाची तक्रार कोण सांगतो? जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्यांच्या बाबतीत भट्टीचा आवाजही भर घालतो, आणि सगळा दोष त्या आवाजावरच जातो. पेट्रोलमधले शिसे 2000 मध्ये बंद झाले, हा शहराला मोठाच दिलासा.

कर्करोगावरचे सिसप्लॅटिन हेही प्लॅटिनम धातूचेच संयुग. ते चेतेआधी आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या केसपेशी मारते, म्हणून पक्ष्यांची किलबिल, घंटी असे उंच पट्टीचे आवाज आधी हरपतात.

रक्तातले शिसे महिन्याभरात निम्म्यावर येते. हाडांतले दशकानुदशके झिरपत राहते. धातू बांधून लघवीवाटे काढणारी औषधे आहेत, पण गेलेले ऐकणे त्यांनी परत येईलच असे नाही. मग श्रवणयंत्र आणि तोलाचे व्यायाम उरतात. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवणदोषांची तपासणी होते. तिथे जाताना आपण काम काय करतो, हे आधी सांगावे.