घाट पुन्हा सुरू झाले, पण यात्रेवर जगणाऱ्यांचं काय? पुणे जिल्ह्यातल्या बैलगाडा शर्यतींची पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर आणि मावळात गावोगावी बैलगाडा घाट आहेत. बहुतेक ठिकाणी तो ग्रामदैवताच्या देवळाजवळ असतो: चढावरची मातीची धावपट्टी, दोन्ही बाजूंना माणसं बसतील असा उतार, खाली गाडे जुंपायची जागा आणि वर निशाण. सातारा-सांगलीकडे सपाट माळावर गाड्या एकमेकींशी पळतात, विदर्भात शंकरपट भरतो. आपल्याकडची रीत वेगळी. इथे एका वेळी एकच बारी, म्हणजे एकच जुंपलेला गाडा, सुटते आणि तिची शर्यत घड्याळाशी असते. गाड्याजवळच्या धुरेला दोन बैल, त्यापुढच्या जुकाटाला दोन बैल आणि त्यांच्यापुढे स्वार घेऊन धावणारी घोडी. अवघ्या बारा-तेरा सेकंदांत सगळं संपतं, निवेदकाच्या तोंडून ‘भिर्रर्र’ निघतं आणि लोक फेटे, टोप्या, उपरणी हवेत उडवतात.

या पद्धतीतली एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ठरलेल्या सेकंदांच्या आत जेवढे गाडे येतील तेवढे सगळे पहिल्या नंबरात, त्यानंतरच्या टप्प्यात येतील ते दुसऱ्यात. बक्षिसाची रक्कम त्या-त्या नंबरातल्या गाड्यांत वाटली जाते. सगळ्यांत कमी वेळ घेणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो, पण बाकीचेही रिकाम्या हाताने परत जात नाहीत. दोन एकरांचा शेतकरी चार जणांच्या भागीदारीत गाडा पळवू शकतो तो यामुळेच. एकाचे धुरेचे बैल, दुसऱ्याचे जुकाटाचे, तिसऱ्याची घोडी, असं जमवून बारी उभी राहते. कित्येक गाडे दोन-तीन घरांच्या नावाने पुकारले जातात ते उगाच नाही.

शर्यतीचं मूळ यात्रेत आहे. निमगाव दावडीचा खंडोबा, नागापूरजवळच्या थापलिंगचा खंडोबा, गावोगावचे भैरवनाथ आणि मळगंगा, यांच्या यात्रांना बैलगाडे पळवायचे हा नवसाचा भाग होता. थापलिंगची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. बाकीच्या बहुतेक यात्रा गुढीपाडव्यानंतर, चैत्र-वैशाखात. रब्बी निघालेली, शेतं मोकळी, बैलांना काम नाही आणि माणसांच्या हातात थोडे पैसे, असा तो हंगाम.

त्या हंगामावर किती जण पोट भरतात हे २०११ च्या बंदीने शर्यत बंद पडली तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं. शर्यतीला माणूस सकाळी येतो आणि संध्याकाळपर्यंत थांबतो. त्याला भेळ लागते, उसाचा रस लागतो, लेकरांसाठी गोडीशेव-रेवडी आणि खेळणी लागतात. मंडपवाला, स्पीकरवाला, फ्लेक्स छापणारा, बैल वाहून नेणारा पिकअपवाला, गावोगाव बोलावला जाणारा निवेदक, हलगीवाले या सगळ्यांचं वर्ष त्या दोन-अडीच महिन्यांवर ठरतं. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशा फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावकरी तिथे येऊन यात्रेची सुपारी देतात. दिवसा गाडे आणि रात्री तमाशा ही जोडी इतकी जुळलेली आहे की दिवसाची गर्दी आटली की रात्रीची सुपारीही उतरते.

यात्रेबाहेरची माणसंही यात होती. शर्यतीचा गाडा शेतातल्या बैलगाडीपेक्षा फार हलका. जू, शिवळा, साट्या यांची मापं बैलांच्या उंचीप्रमाणे बसवावी लागतात आणि ते काम करणारे सुतार मोजकेच. सापत्या, घुंगरमाळा, वेसणी, कासरे करणारे कारागीर वेगळे. चाकणचा शनिवारचा आणि बेल्ह्याचा सोमवारचा बाजार बैलांसाठी नावाजलेला. घाटात नाव काढलेल्या खिल्लार खोंडाची किंमत त्या बाजारात शेतकामाच्या बैलाच्या कितीतरी पट व्हायची. त्या किमतीच्या आशेवरच गावातला शेतकरी जातिवंत गाय दावणीला ठेवायचा, तिला चांगला वळू दाखवायचा आणि खोंड झालं तर त्याला उडदाचं पीठ, दूध, अंडी चारून दोन वर्षं सांभाळायचा. ट्रॅक्टरने नांगर, पाभर आणि मोटारपंपाने मोट, सगळं बैलाच्या खांद्यावरून काढून घेतलं होतं. उरली होती ती शर्यत.

बंदीची सुरुवात ११ जुलै २०११ ला झाली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातल्या कलम २२ खाली कोणत्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत याची यादी केंद्र सरकार काढतं. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह आधीपासून त्यात होते. त्या दिवशीच्या अधिसूचनेने ‘बैल’ त्या यादीत आला. राज्य सरकारने त्याच वर्षी शर्यतींवर बंदीचे आदेश काढले, २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली आणि ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लीकट्टू या बैलांच्या खेळासह महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवरही बंदी कायम केली. बैलाची शरीररचना धावण्यासाठी नाही, त्याला पळवणं हीच क्रूरता, असा त्या निकालाचा गाभा होता.

आपल्या बाजूने बोलताना इथे प्रामाणिक राहिलं पाहिजे. न्यायालयापुढे जे आलं ते सगळं खोटं नव्हतं. शेपटी पिरगाळणं, ती दाताने चावणं, टोचणी मारणं, बॅटरीचा शॉक देणं, हे प्रकार काही घाटांवर होत होते आणि जाणती माणसं ते बघून गप्प बसत होती. बैलाला पोटच्या पोरासारखं जपणारे मालक कितीतरी जास्त होते, पण त्यांनी या लोकांना घाटातून हाकललं नाही. बंदीला आमंत्रण दिलं ते या गप्प बसण्याने, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही एक प्रश्न सलत राहिला. पुण्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर दर पावसाळ्यात घोडे धावतात, त्यांच्यावर पैसे लागतात. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलेलं आहे. मग तिथून दोन तासांच्या अंतरावर, देवाच्या यात्रेत, शेतकऱ्याचा बैल बारा सेकंद पळाला तर तो गुन्हा कसा? कायद्याच्या भाषेत दोन्हींत फरक दाखवता येतो. ज्याच्या दावणीचा बैल घाटात उतरू शकत नव्हता त्याला तो पटणं शक्य नव्हतं.

त्यात मार्च २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदीचा विस्तारित कायदा लागू झाला आणि बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. दोन्ही निर्णयांची कारणं वेगवेगळी, पण गोठ्यात त्यांचा मेळ वाईट बसला. पळवायचा नाही, नांगराला लागत नाही, विकायला गेलं तर गिऱ्हाईक नाही. खोंड जन्माला आलं की घरात चेहरे उतरू लागले. शेतकऱ्यांनी देशी गाय काढून संकरित जर्सी, होल्स्टिन बांधल्या, कारण दुधाचे पैसे दहा दिवसांनी हातात येतात. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात देशी गोवंश सुमारे ६ टक्क्यांनी घटलेला दिसला. त्याला कारणं पुष्कळ आहेत. आपल्या भागात शर्यतबंदी त्यांपैकी एक होती, हे इथला कोणीही पशुपालक सांगेल.

चळवळ उभी राहिली ती याच माणसांची. गाडामालकांच्या संघटना तालुक्यातालुक्यांत होत्याच, त्यांनी एकत्र येऊन निवेदनं दिली, मोर्चे काढले, वर्गणी जमवून दिल्लीत वकील लावले. ७ जानेवारी २०१६ ला केंद्राने अटी घालून शर्यतींना परवानगी देणारी अधिसूचना काढली तेव्हा काही गावांत गुलाल उधळला गेला. पाचच दिवसांत, १२ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. मग जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी लाखो तरुण जमले, तमिळनाडूने अध्यादेश काढून केंद्राचा कायदा आपल्यापुरता बदलला आणि इथल्यांना वाट दिसली. त्याच महिन्याच्या अखेरीस चाकणला पुणे-नाशिक महामार्गावर शेतकरी बैल घेऊन उतरले. तोपर्यंत हा प्रश्न पुण्याच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर असायचा. बैल महामार्गावर आले तेव्हा तो पहिल्या पानावर आला.

एप्रिल २०१७ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती विधेयक मंजूर केलं, पुढे राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि कायदा झाला. बैलाला इजा केल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद त्यात आहे. पण ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने आधी नियम करा, तोवर परवानग्या देऊ नका, असं बजावलं. नियम आले, धावपट्टी जास्तीत जास्त १००० मीटरची ठरली, तरी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने नकारच कायम ठेवला. बैल पळण्यासाठी नाही हा मुद्दा पुन्हा आडवा आला. बैलाची पळण्याची क्षमता तपासण्यासाठी राज्याने तज्ज्ञांची समिती नेमली ती त्यामुळे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तमिळनाडू आणि महाराष्ट्राची प्रकरणं घटनापीठाकडे गेली आणि तिथे वर्षानुवर्षं पडून राहिली.

या मधल्या काळाबद्दल फारसं लिहिलं गेलेलं नाही. तमिळनाडू आणि कर्नाटकात त्यांच्या सुधारित कायद्यांखाली शर्यती चालू होत्या, महाराष्ट्रात बंद. चोरून शर्यती व्हायच्या, गुन्हे दाखल व्हायचे, पोरं पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारायची. घाटांवर गवत वाढलं. कुठे घाटाच्या पायथ्याशी मुरमाचा ढीग पडला, कुठे त्याच्या कडेने रस्ता निघाला. दुसरीकडे निवडणुका मात्र याच प्रश्नावर लढल्या जात होत्या. शिरूर लोकसभा मतदारसंघात २०१९ ला शिवसेनेचे तेव्हाचे खासदार शिवाजीराव आढळराव पाटील आणि राष्ट्रवादीचे उमेदवार, अभिनेते डॉ. अमोल कोल्हे यांच्यातल्या लढतीत बैलगाडा हा बिनीचा मुद्दा होता. शर्यत सुरू झाली की बारीपुढे घोडी धरीन, असा शब्द कोल्हे यांनी दिला होता.

ऑगस्ट २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या झरे इथे भाजपचे आमदार गोपीचंद पडळकर यांनी पोलिसांचा बंदोबस्त चुकवून शर्यत घडवली आणि विषय पुन्हा तापला. अखेर १६ डिसेंबर २०२१ ला न्या. खानविलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठाने शर्यतींना परवानगी दिली. शेजारच्या राज्यांना जे चालतं ते अंतिम निकाल लागेपर्यंत महाराष्ट्रालाही चाललं पाहिजे, एवढाच त्या आदेशाचा आधार होता. आंबेगावातल्या लांडेवाडीला १ जानेवारी २०२२ चा मुहूर्त धरला गेला, मात्र ओमायक्रॉनमुळे आदल्या दिवशी परवानगी गेली. १६ फेब्रुवारीला निमगाव दावडीच्या घाटात कोल्हे यांनी घोडीवर बसून शब्द पाळला. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. खेळाचं स्वरूप आणि शर्यतीची रीत या कायद्यांनी बदलली आहे, क्रूरतेचा भाग कमी केला आहे, असं न्यायालयाने मानलं.

त्यानंतर दिसतं ते चित्र दुहेरी आहे. बैलांच्या किमती वर गेल्या, चाकण-बेल्ह्याच्या बाजारात खोंडांना पुन्हा गिऱ्हाईक आलं, निवेदकांच्या तारखा भरल्या. पण सगळ्यात मोठा पैसा गेला तो मोठ्या मैदानांकडे. मे २०२२ मध्ये चिखलीच्या जाधववाडीत भोसरीचे आमदार महेश लांडगे यांनी भरवलेल्या शर्यतीत जेसीबी बक्षीस होता. तेव्हापासून चारचाकी, ट्रॅक्टर, बुलेट यांच्या जाहिराती नित्याच्या झाल्या. त्या बक्षिसांसाठी धावणारा बैल साध्या शेतकऱ्याच्या दावणीला परवडत नाही. एमआयडीसीत जमीन गेलेल्यांकडे आणि प्लॉटिंगवाल्यांकडे पैसा आहे, तेच अशा बैलांची खरेदी करतात. गावच्या यात्रेतल्या, नंबरातल्या सगळ्यांना वाटून मिळणाऱ्या बक्षिसाची बारी त्यांना किरकोळ वाटू लागली आहे, आणि गाडे कमी आले की रेवडीवाल्याच्या गाडीपाशी आणि तमाशाच्या राहुटीपाशी माणसंही कमी येतात.

जमिनीचं संकट त्याहून जवळचं. चिखली १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली, चाकणच्या चारही बाजूंना कारखाने, गोदामं आणि गृहप्रकल्प उभे आहेत. घाट ज्या चढावर असतो तो बहुतेकदा गायरान, देवस्थानची जमीन किंवा कुणाच्या मालकीचा माळ असतो. सातबाऱ्यावर त्याची ‘बैलगाडा घाट’ अशी नोंद क्वचितच सापडते. म्हणजे उद्या तिथे रस्ता, टाकी किंवा शेड आली तर आडवा येणारा एकही कागद गावाकडे नाही. ज्या गावांनी दिल्लीपर्यंत लढा दिला त्यांनी आता ग्रामसभेत ठराव करून घाटाची मोजणी करून घ्यावी, हद्दीचे दगड रोवावेत आणि तो नकाशा तहसीलदारांकडे आणि नियोजन प्राधिकरणाकडे द्यावा. यात्रा समित्यांनी स्थानिक दुकानदारांच्या जागा आधी लावाव्यात, मोठ्या प्रायोजकांच्या नंतर. शर्यतीच्या अर्जासोबत पशुवैद्यकाचा दाखला जोडावाच लागतो. एखाद्या घाटावर बैलाला टोचणी लावणारा सापडला तर त्याला जिल्ह्यातल्या कुठल्याच घाटावर शर्यतीत उतरायचं टोकन मिळू नये, एवढं गाडामालकांनी आपसांत ठरवायला कुठल्या न्यायालयाची गरज नाही. येत्या चैत्राच्या यात्रा बसायच्या आत हे करायला वेळ आहे.