केबिनचं छप्पर आणि वाळूच्या गोण्या

हर्णै काय, मालवण काय, होडीच्या केबिनमध्ये डोकं आपटतं म्हटलं की सल्ला तोच: “छप्पर हातभर वर घ्या, तळात वाळूच्या चार गोण्या टाका, तोल जमला!”

तो तसा जमत नाही. गोण्यांनी होडी आणखी खोल बसते, तिचा काठ पाण्याजवळ येतो. केबिनची वारा अडवणारी उंच भिंत मात्र तशीच राहते. त्यात सुटी गोणी एका बाजूला घसरली की संपलंच. बंदरात होडी बाजूने दाबून सोडा. पूर्वीपेक्षा सावकाश डोलत असेल, तर बहुधा तोल घटलाय. (गंमत म्हणजे काहींना हेच संथ डोलणं आरामाचं वाटतं.)

डोकं आपटतंच असेल, तर आधी पायाखालच्या फळ्या खाली घेता येतात का बघा. तळाच्या आडव्या लाकडांना मात्र करवत लावू नका.