घरचा सर्व्हर

घरचा सर्व्हर : फोटो, फाइली, गाणी असा कुटुंबाचा डिजिटल ऐवज कंपनीच्या क्लाउडवर न ठेवता घरातल्याच, चोवीस तास चालू असणाऱ्या संगणकावर ठेवण्याची हौशी पद्धत. ‘सेल्फ-होस्टिंग’ हा शब्द अधिक रूढ आहे. घरच्यांच्या लेखी मात्र तो ‘चपलांच्या कपाटावरचा डबा’.

मुंबईत हा डबा बहुधा लॅमिंग्टन रोडवरून येतो. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन (१९०३–०७) काही बाजाराच्या तोंडातून गेला नाही. कार्यालयांतून निघालेले छोटे मिनी पीसी इथे सेकंडहँड मिळतात. यंत्र सुरू होत नसेल तर रॅम (स्मृतीची पट्टी) काढून तिचे सोनेरी दाते खोडरबराने घासायचे, हा दुकानदाराचा पहिला उपाय, आणि तो बऱ्याचदा लागूही पडतो. २०१२ साली आलेला रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणकही चालतो. विजेचा हिशेब सोपा आहे: १५ वॉट खाणारा मिनी पीसी महिन्याला सुमारे ११ युनिट घेतो, तर ७० वॉटचा जुना डेस्कटॉप ५०. फुकट मिळालेले यंत्र म्हणूनच नेहमी स्वस्त पडते असे नाही.

त्यावर बहुतेकदा लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली असते. फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड (२०१६), चित्रपट-गाण्यांसाठी जेलीफिन (२०१८), जाहिराती अडवायला पाय-होल ही नेहमीची मंडळी. ई-मेल मात्र घरून चालवू नये. घरगुती जोडण्यांवर २५ क्रमांकाचा पोर्ट (सर्व्हरांमधली ई-मेलची वाट) अनेकदा बंद असतो, आणि तो उघडा असला तरी घरगुती इंटरनेट पत्त्यावरून गेलेले पत्र बहुधा स्पॅममध्ये पडते.

खरी अडचण बाहेरून घरात शिरण्याची. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते अपुरे असल्याने इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात (सीजीनॅट). राउटरला १००.६४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर पोर्ट फॉरवर्डिंगवर (राउटरमधून सर्व्हरकडे वाट काढण्यावर) रविवार घालवण्यात अर्थ नाही. मग जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घ्यावा, मुबलक पत्त्यांची नवी पद्धत आयपीव्ही६ वापरावी किंवा बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा सांकेतिक बोगदा काढावा. लोकलमध्ये उभ्याने घरचे फोटो उघडतात ते अशा बोगद्यातून.

मुंबईत वीज सहसा जात नाही. १२ ऑक्टोबर २०२० सारखा दिवस अपवादाचा. यंत्राला छळते ती दमट, खारी हवा. समुद्राजवळच्या घरांत जोडण्यांवर गंज चढतो आणि पंख्यात धुळीचा चिकट थर बसतो. तळमजल्यावर सर्व्हर जमिनीवर ठेवत नाहीत, याचे कारण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला पडलेला ९४४ मिमी पाऊस ज्यांनी पाहिला त्यांना विचारावे लागत नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा बॅकअपचा सर्वमान्य नियम. इथे ‘घराबाहेर’ म्हणजे पुण्याला बहिणीकडे किंवा गावी. दोन हार्ड डिस्क एकाच डब्यात असणे म्हणजे बॅकअप नव्हे, हे नवशिक्यांना डिस्क गेल्यावरच पटते.

या हौशीला लागूनच जुन्या संगणकांची हौस येते आणि मराठी घरांत तिला कामही असते. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संकेतपद्धती रुळण्याआधी श्री-लिपीसारख्या डीटीपी फाँटांत टाइप केलेला मजकूर आज फाँटाविना उघडला तर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. आजोबांचे आत्मचरित्र, मंडळाच्या स्मरणिका अशा फाइलींत अडकून आहेत. सर्व्हरवरच विंडोज ९८ चा आभासी संगणक (संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) चालवून त्या उघडता येतात. पण त्या काळची काही डीटीपी सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला हार्डवेअर लॉक (परवान्याची खूण असलेला छोटा खुंटा) लावल्याशिवाय चालत नसत, आणि तो लॉक आभासी संगणकाला सहजी दिसत नाही. तेव्हा माळ्यावरचा पेंटियम खाली उतरवला जातो, त्याचा नाण्याएवढा सेल बदलला जातो, आणि रॅमला पुन्हा एकदा खोडरबर.