लुपस अँटिकोॲग्युलंट आणि अँटिकार्डिओलिपिन यांत फरक काय?

वारंवार गर्भपात झालेल्या किंवा कमी वयात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेल्या रुग्णाला डॉक्टर या दोन्ही चाचण्या बहुधा एकाच वेळी लिहून देतात. दोन्हींचा रोख अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमकडे (फॉस्फोलिपिड या मेदांशी संबंधित प्रतिपिंडांमुळे रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपात होणारा आजार) असल्यामुळे एक अहवाल ‘निगेटिव्ह’ आला की दुसरी चाचणी अनावश्यक आहे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात एकाच रुग्णात एक चाचणी पॉझिटिव्ह आणि दुसरी निगेटिव्ह येऊ शकते, कारण त्या वेगवेगळ्या गोष्टी तपासतात.

अँटिकार्डिओलिपिन चाचणीत आयजीजी आणि आयजीएम या प्रकारच्या प्रतिपिंडांचे प्रमाण एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने मोजले जाते आणि उत्तर आकड्यात मिळते. लुपस अँटिकोॲग्युलंट चाचणी मात्र प्रमाण मोजत नाही. प्रतिपिंडांमुळे नळीतला प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) गोठायला किती उशीर होतो, हे ती पाहते. तिच्या एका प्रमुख पद्धतीत घोणस सापाचे पातळ केलेले विष वापरतात. गोठण्याला उशीर झालाच, तर त्यात निरोगी व्यक्तीचा प्लाझ्मा मिसळतात. गोठण्याच्या एखाद्या घटकाची कमतरता असेल तर वेळ पूर्ववत होतो, प्रतिपिंडे असतील तर होत नाही. आणि जास्तीचे फॉस्फोलिपिड घातल्यावर तो कमी झाला, तर लुपस अँटिकोॲग्युलंट असल्याचे दिसून येते.

लुपस अँटिकोॲग्युलंट हे नाव दुहेरी दिशाभूल करणारे आहे. ही चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या अनेकांना लुपस हा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) आजार नसतोच, आणि ‘अँटिकोॲग्युलंट’ म्हणजे गोठणविरोधी असले तरी नळीत रक्त उशिरा गोठवणारी ही प्रतिपिंडे शरीरात मात्र गुठळ्या होण्याचा धोका वाढवतात. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत एपीटीटी (प्लाझ्मा गोठायला लागणारा वेळ) लांबलेला पाहून रक्तस्रावाची भीती वाटते, ती पुष्कळदा याच कारणाने अनाठायी असते.

हेपॅरिन, वॉरफॅरिन यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे लुपस अँटिकोॲग्युलंटचा निकाल बिघडवू शकतात, म्हणून ती चालू असल्याचे प्रयोगशाळेला आधी सांगावे. स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. अँटिकार्डिओलिपिनवर या औषधांचा परिणाम होत नाही. मात्र एखाद्या संसर्गानंतर ती काही काळ वाढलेली दिसू शकते, आणि ४० एककांपेक्षा कमी आकड्याला निदानात फारसे वजन दिले जात नाही. गुठळ्यांच्या धोक्याचा विचार केला, तर लुपस अँटिकोॲग्युलंटचा पॉझिटिव्ह अहवाल अधिक गंभीर मानला जातो. दोहोंपैकी कोणतीही पॉझिटिव्ह आली, तरी किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय निदान पक्के धरत नाहीत.