खडकावर रुतलेला टँकर: पोटातलं तेल आणि पाण्यावरचं तेल

टँकर, म्हणजे तेलवाहू जहाज, खडकावर चढला की बातमीत ठरलेलं वाक्य येतं: ‘तेल काढण्याचं काम युद्धपातळीवर सुरू आहे.’ पण कुठलं तेल? टाक्यांत अजून शाबूत असलेलं, की पाण्यावर पसरलेलं? ही दोन कामं अगदी वेगळी. कॅमेऱ्यात येतं ते बहुधा दुसरं. खरा डाव मात्र पहिल्यावर लागलेला असतो.

अलास्कात २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज ब्लाय रीफ या पाण्याखालच्या खडकावर आदळलं. अकरापैकी आठ टाक्या फुटल्या, सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल सांडलं. जहाजात होतं मात्र सुमारे ५ कोटी ३० लाख गॅलन! उरलेलं बहुतेक सगळं दुसऱ्या टँकरांत उपसून घेतलं आणि ५ एप्रिलला जहाज तरंगतं केलं.

तळाला भोक पडूनही टाकी पूर्ण रिकामी होत नाही, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं. आतला आणि बाहेरचा दाब जुळला की गळती थांबते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, तोल बिघडतो, पुन्हा तेल सुटतं. त्यामुळे उपसणाऱ्यांचं घड्याळ म्हणजे भरती-ओहोटीचं कोष्टक. त्यातली मेख अशी, की तेल काढावं तसं जहाज हलकं होतं आणि लाटेसरशी उचललं जाऊन खडकावर आपटू लागतं. म्हणून एकीकडे तेल काढताना दुसरीकडे समुद्राचं पाणी भरून त्याला मुद्दाम दाबून धरतात. पंपरूम बुडाली असेल तर सुटे पंप थेट टाकीत सोडायचे. रिकाम्या होत जाणाऱ्या टाकीत निष्क्रिय, म्हणजे जळायला मदत न करणारा, वायू भरायचा. हवा शिरली तर एक ठिणगी पुरते.

पाण्यावरचं तेल असं जागेवर थांबत नाही. ते वाऱ्यामागे पळतं, लाटांत घुसळून पाणी पितं आणि तिप्पट-चौपट फुगतं. बूम, म्हणजे तेल अडवणारा तरंगता अडसर, प्रवाहाला आडवा लावला आणि प्रवाह पाऊण नॉटच्या (ताशी सुमारे १.४ किलोमीटरच्या) वर गेला, की तेल खालून निसटतं. खुल्या समुद्रात सांडलेल्यापैकी दहा-पंधरा टक्के स्किमरला, म्हणजे पाण्यावरचं तेल ओढून घेणाऱ्या यंत्राला, लागलं तरी खूप. विमानातून फवारतात ती रसायनं तर तेल काढतच नाहीत, फक्त बारीक थेंब करून पाण्यात मिसळवतात. बूमचा खरा उपयोग खाडीच्या तोंडाशी, तोही तवंग पोचण्याआधी तिरका लावला तर.

पहिलं काम लांबलं तर काय होतं, ते वेल्समध्ये दिसलं. १५ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘सी एम्प्रेस’ हे तेलवाहू जहाज मिलफर्ड हेवन बंदराच्या तोंडाशी खडकावर गेलं, तेव्हा सांडलं दोन-अडीच हजार टन. दुसरं जहाज शेजारी लावून तेल उपसायचा बेत वादळी वाऱ्यांनी हाणून पाडला. जहाज पुन्हा पुन्हा रुतत राहिलं आणि आठवडाभरात एकूण ७२ हजार टन समुद्रात गेलं. शेवटी ते बंदरात ओढून आणलं आणि उरलेलं सुमारे ५८ हजार टन तेल धक्क्याला लावून उतरवलं.