बैलाला माती देण्यामागचा इतिहास

शेताच्या बांधाला खड्डा खणायचा, अंगावर झूल टाकायची, हळद-कुंकू वाहायचं आणि घरातल्या सगळ्यांनी म्हाताऱ्या बैलाला मूठमूठ माती द्यायची. हे आता गावोगाव दिसतं. कुठे दशक्रिया होते, कुठे मुंडणही. पोळ्यासारखीच हीही पिढ्यानपिढ्यांची रीत असेल, असं वाटतं. प्राण्याला मानाने पुरणं तसं जुनं आहेच. नागपूरजवळ माहुरझरीच्या महापाषाणकालीन शिलावर्तुळांत साज चढवलेल्या घोड्यांचे सांगाडे सापडले आहेत. पण शेतकऱ्याने आपल्या बैलाला आपल्या हातांनी पुरणं बहुतेक गावांत विसाव्या शतकात रुजलं, आणि त्याची सुरुवात एका नकारातून झाली.

पोळ्याला ज्याच्या तोंडी पुरणपोळी दिली, तोच बैल गोठ्यात मेला की मालक त्याला शिवत नसे. ‘पड’ म्हणजे मेलेलं जनावर काढणं हे महारांचं वतनी काम. निरोप आला की हातातलं काम टाकून यायचं, जनावर ओढत गावाबाहेर न्यायचं. मोबदला म्हणून मांस मिळे. कातडं कोणाचं, यावर गावोगाव तंटे होत. ढोरफोडी झाल्यावर उरलेलं गिधाडं साफ करत. पुरायचा प्रश्नच येत नसे.

हे १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांच्या महाडच्या परिषदेत बदलायला लागलं. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं, त्याच परिषदेतलं दुसरं आवाहन मागे पडतं: सवर्णांनी आपली मेलेली जनावरं स्वतः पुरावीत. मृतमांस सोडा, ढोरं ओढू नका, असं अस्पृश्यांना सांगितलं गेलंच, पण खड्डा कोणी खणायचा हेही तिथे ठरलं. यावर मोठा वाद झाला. कातडी-हाडांचं उत्पन्न बुडेल, असा हिशेब वर्तमानपत्रात मांडला गेला. आंबेडकरांचं उत्तर आलं, फायदा एवढा असेल तर तो तुम्ही घ्या. खुद्द वस्तीतही एकमत नव्हतं. हातावर पोट असलेल्या घरांना दुष्काळात तेच वाळवलेलं मांस तारत होतं, हे विसरता येत नाही. ज्या गावांत महारांनी काम सोडलं तिथे त्यांचं बलुतं थांबलं, दुकानं बंद झाली, रानात पाऊल टाकायची चोरी झाली, मारहाण झाली. तरी लोक मागे हटले नाहीत. १९५६ च्या धर्मांतरानंतर हा नकार आणखी गावांत पोचला, आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनंच संपवली.

मालकासमोर मग स्वतः कुदळ उचलण्यावाचून मार्ग उरला नाही. पहिल्या खड्ड्यांमागे मायेपेक्षा नाइलाज जास्त होता. हळद, झूल, अगरबत्ती हे सावकाश आलं. माया आधीपासून होती, हे खरंच. पण बैलाला शेवटचा हात लावायची वेळ दुसऱ्यांनी सोसलेल्या बहिष्कारामुळे आली, हे बैलाच्या समाधीचे फोटो पाहताना कुणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पुढचं भराभर घडलं. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली. २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली तोवर माळ ओस पडले होते. २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली, त्यामुळे थकलेला बैल बाजाराऐवजी दावणीलाच मरू लागला. २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना मारहाण झाली, तेव्हा तिथल्या दलितांनीही जनावरं उचलायचं नाकारलं. २०२२ च्या लम्पी या गुरांच्या त्वचारोगाने तर खोल खड्डा आणि चुना ही सरकारी सूचना झाली. दगावलेल्या दुभत्या गाईला ३०,००० आणि बैलाला २५,००० रुपये मदत ठरली.

आता खड्डा बहुधा जेसीबी खणतो. ज्याच्याकडे जनावर आहे पण जमीन नाही, त्याने ते कुठे पुरायचं याला बहुतेक गावांत आजही उत्तर नाही. ऊसतोडीला गेलेल्या बैलगाडीवाल्याचा बैल दुसऱ्याच्या फडात मेला, तर त्याला तिथल्याच कुणाकडे तरी हात जोडून जागा मागावी लागते.