पार्श्वभूमी : विजेच्या खांबांवरची फायबर

अमेरिकेच्या ग्रामीण भागात सभासदांच्याच मालकीची ब्रॉडबँड सेवा उभी करा, असा आग्रह धरणारे उद्योजक अलीकडे बरेच दिसतात. भांडवल, वेग, ग्राहकसंख्या यांवर ते भरभरून बोलतात. या सेवेची फायबर, म्हणजे इंटरनेट वाहून नेणारी काचतंतूची तार, ज्या खांबांवरून जाते ते खांब कोणी रोवले, हे मात्र बहुतेकदा राहून जाते.

१९३५ मध्ये तिथल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. केंद्र सरकारने कर्जाची योजना आणली तेव्हा खासगी वीज कंपन्या पुढे येतील अशी अपेक्षा होती. मैलभर तार ओढून दोन-तीनच घरे मिळणार, त्यात काय सुटणार, असे म्हणून कंपन्यांनी पाठ फिरवली. शेवटी शेतकऱ्यांनीच घरटी पाच-पाच डॉलर भरून सहकारी संस्था नोंदवल्या आणि कर्ज उचलले. मग कंपन्यांना जाग आली. अनेक ठिकाणी त्यांनी घाईघाईने एखादी तार टाकून त्या पट्ट्यातली बरी गिऱ्हाइके तेवढी उचलली, म्हणजे उरलेल्यांची संस्था उभीच राहू नये. लोक त्यांना 'आकसाच्या तारा' म्हणत. १९४९ मध्ये टेलिफोनही याच कर्जयोजनेत आला.

हा नमुना आपल्याकडेही आला होता. १९६९ च्या सुमारास अमेरिकी वीज सहकारी संस्थांच्या मदतीने देशात पाच ठिकाणी प्रयोग सुरू झाला, त्यातले एक ठिकाण श्रीरामपूर-राहुरी पट्ट्यातले. थकबाकीचा वाद चालू असतानाच २०११ मध्ये तिथल्या संस्थेचा परवाना संपला आणि वितरण सरकारी कंपनीकडे गेले.

अमेरिकेत त्याच सुमारास वीज संस्था फायबरकडे वळू लागल्या होत्या. मिसूरीतल्या एका संस्थेला सरकारी अनुदान नाकारले गेले, तेव्हा तिने सभासदांकडून शंभर-शंभर डॉलर अनामत घेतली. जिथे पुरेशी नावे आली तिथे काम धरले. खांब आपले, जागेचे हक्क आपले, बिल घरोघरी जातच होते. दक्षिणेत मात्र कायदाच आडवा होता. मिसिसिपीत १९४२ पासूनच्या कायद्याने या संस्थांना वीज सोडून दुसरा धंदा करायची मुभा नव्हती. टेनेसीने २०१७ मध्ये दार उघडले, मिसिसिपीने जानेवारी २०१९ मध्ये. तिथे अट अशी की ब्रॉडबँडसाठी वेगळी उपकंपनी काढायची आणि विजेचा पैसा तिकडे वळवायचा नाही. दुसरी अट रास्त आहे. पहिलीमुळे नवा गुंता झाला : वीज घेणारा सभासद असतो, त्याला वार्षिक सभेत मत असते, उपकंपनीकडून इंटरनेट घेणारा त्या नात्याने नुसता ग्राहक ठरतो.

'सभासद' या शब्दाने खरा घोळ घातला तो करकायद्यात. या संस्थांना केंद्रीय करमाफी हवी असेल तर उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग सभासदांकडून यावा लागतो. नियम जुना आहे आणि सरळही. पण २०१७ च्या डिसेंबरात कंपन्यांसाठी मोठा करकायदा झाला आणि त्यातल्या एका बदलामुळे सरकारी अनुदान उत्पन्नात मोजले जाण्याची वेळ आली. अनुदान सरकारचे, म्हणजे सभासदेतर. समजा एखाद्या संस्थेचे वर्षाचे उत्पन्न २ कोटी डॉलर आहे आणि त्यातले १० लाख सभासदेतर आहेत. वादळात खांब आडवे झाले आणि दुरुस्तीसाठी ४० लाखांची मदत मिळाली. आता एकूण २ कोटी ४० लाख, सभासदेतर ५० लाख, म्हणजे सुमारे २१ टक्के. मर्यादा १५ ची. त्या वर्षाची करमाफी गेली! ज्या संस्थेला मदतीची सगळ्यात जास्त गरज, तिलाच ती घेताना हिशेब करत बसावे लागे. ब्रॉडबँडच्या अनुदानाचीही तीच गत. कायदा करणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केले असे कोणी म्हणत नाही. ग्रामीण संस्था त्यांच्या डोळ्यांसमोरच नव्हत्या, आणि माझ्या मते तेच जास्त गंभीर आहे.

दोन वर्षे पाठपुरावा झाल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये अशी अनुदाने या हिशेबातून वगळणारी दुरुस्ती मंजूर झाली आणि ती मागील तारखेपासून लागू झाली. पुढच्याच वर्षी कोविडची साथ आली, शाळा घरी आल्या. मिसिसिपीने केंद्राच्या मदतनिधीतून वीज सहकारी संस्थांना फायबरसाठी ६.५ कोटी डॉलर दिले. जितके अनुदान तितकेच पैसे संस्थेने घालायचे आणि काम वर्षअखेरीच्या आत करायचे, असे बंधन होते. दुरुस्ती झाली नसती तर हा सगळा पैसा 'सभासदेतर' खात्यात गेला असता.